बाइंडरचा गुडघा

पुस्तकं बांधणाऱ्या त्या कारागिराला सगळे बाइंडरच म्हणत. त्याला जन्मापासून तीव्र हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात तयारच होत नव्हता. वरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव वाईट. सांध्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्या रक्तस्रावानं उजव्या गुडघ्याची पार वाट लावली होती. तो घटक शिरेतून टोचायची त्याची ताई, बावीस वर्षं, आठवड्यातून तीनदा. आता शिराही सापडेनाशा झाल्या होत्या.

म्हणून जनुक-उपचाराचं कळताच दोघं दवाखान्यात धावले. एकदाच सलाईन, मग शरीर तो घटक स्वतः बनवणार. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला.

"जनुक आत न्यायला आम्ही एक निरुपद्रवी विषाणू वापरतो. तुमचं शरीर त्याला आधीच ओळखतं. दारातूनच हाकलेल."

"तोंडाशी आलेला घास गेला," ताई रडवेली झाली.

"रडू नंतर," बाइंडर म्हणाला. "डॉक्टर, दुसरं काय आहे?"

आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं नवं इंजेक्शन होतं. पहिलं त्यानं स्वतःच टोचून घेतलं. ताई बघत राहिली. "गेली माझी नोकरी!"

आठ महिने एकही रक्तस्राव झाला नाही. मग त्यानं गुडघा बदलायला नाव नोंदवलं.

"सुरळीत चाललंय, कशाला विषाची परीक्षा?" ताई भडकली.

"इतकी वर्षं पाय जपला, ताई. आता वापरायचाय. मला कागद कापायच्या यंत्रावर उभं राहून काम करायचंय."

शस्त्रक्रिया नीट झाली, पण चौथ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. आत रक्त साठत होतं. शिरेतून जास्तीचा घटक तातडीनं हवा होता. नर्सनं तीनदा सुई टोचली, शीर काही मिळेना. ताई तिच्या शेजारी आली. डाव्या मनगटामागची एक जागा तिनं बोटानं दाबून दाखवली. "इथं. तिरकी धरा."

लागली.

पुढचे तीन महिने व्यायामाचे. "अजून पाच अंश," फिजिओथेरपिस्ट म्हणायची. "दहा म्हणा," तो दात-ओठ खात म्हणायचा.

पाय पूर्ण सरळ झाला नाहीच, किंचित लंगडतो. यंत्रावरच्या पहिल्या दिवशी तो कारखान्यातल्या इतरांसोबत सुट्टीचा भोंगा होईपर्यंत उभा होता. घरी आल्यावर ताईनं विचारलं, "दुखतोय?"

"दुखतोय की. उभा होतो ना दिवसभर! सगळ्यांचेच दुखत होते."