चौथ्या पायरीवर थांबलेला जादूगार

मी एक जादूगार बोलतो आहे. एवढ्यावरून माझ्याविषयी फार मोठी कल्पना करून घेऊ नका. माझी उंची बोटभर आणि जात लाकडाची. आंधळगावच्या नत्थूआजोबांनी मासे धरायच्या जाळ्यासाठी हलक्या लाकडाचे तरंगते तुकडे तासले होते, त्यांतलाच मी एक. त्यांच्या नातीने, उर्वशीने, हट्ट धरला, तेव्हा त्यांनी चाकूने मला दाढी दिली, टोकदार टोपी दिली आणि हातात काडीएवढी काठी दिली. जाळ्याच्या नशिबाचा मी कथेच्या नशिबी आलो.

कथा म्हणजे खेळातली कथा. उर्वशीचा मित्र भुपेंद्र नागपुरास शिकत असताना हा खेळ शिकून आला. परतल्यावर तो घरच्या बियाण्याच्या दुकानात बसू लागला, आणि रविवारी दुपारी दुकान बंद झाले की ओसरीवर पोत्यांच्या आडोशाला पट मांडू लागला. तो कथा सांगे, बाकीचे तिघे मित्रमैत्रिणी तिच्यातली पात्रे होत, आणि पुढे काय घडावे याचा कौल फासे देत. मोनू योद्धा होता, मेघा चोर होती, आणि उर्वशी जादूगार, म्हणजे मी. भुपेंद्रची आई मंदाबाई लाखोरीच्या डाळीचे वडे आणून ठेवी आणि जाता जाता टोमणा मारी, "लग्नाचे झाले, अन् बाहुल्या खेळून राहिले." वडे मात्र ती कधी कमी पडू देत नसे.

खेळात पराक्रम केला की पायरी वाढे. योद्धा पायरी चढला की त्याचे बळ वाढायचे. त्यात वादाला जागा नव्हती. जादूगाराला मात्र नवे मंत्र लागत, आणि ते कोठून यावेत याविषयी आमचे नियमपुस्तक दोन तोंडांनी बोले. पुढच्या भागात म्हटले होते, की पायरी चढताच मंत्र आपोआप स्फुरतो. मागच्या भागात म्हटले होते, की गुरूने दिल्यावाचून मंत्र मिळत नाही. पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत कथेत एक म्हातारा गुरू होता, म्हणून ही अडचण कोणाला जाणवली नाही. पुढे तो गुरू पुरात वाहून गेला.

आणि नेमक्या त्याच सुमारास मी पाचव्या पायरीशी येऊन ठेपलो. समोर दगडी दरवाजा होता. तो पाचव्या पायरीच्या मंत्रानेच उघडणार होता, आणि त्याच्या आत कथेचा शेवट होता. वेळही थोडा उरला होता. मोनूला पुण्यास नोकरी लागली होती, उर्वशीला नाशिकच्या एका रुग्णालयात परिचारिकेचे काम मिळाले होते, आणि मेघाचे लग्न ठरले होते. निघण्यापूर्वी कथा पुरी व्हावी, असे सर्वांनीच बोलून दाखवले होते.

उर्वशी म्हणाली, मंत्र आपोआप मिळतो. भुपेंद्र म्हणाला, गुरू हवा.

"पोथी न वाचता कोनी भागवत सांगते का वं?" त्याने विचारले.

"अन् बी पेरल्यावर धानाले उगवाले कोन शिकवते?" तिने तिथल्या तिथे परतवले.

मोनू हसला, हीच चूक झाली. भुपेंद्रला ते लागले. शब्दाने शब्द वाढला, आणि उर्वशी मला मुठीत आवळून घरी निघून गेली. त्यानंतरचे रविवार मी खिडकीत, वाळत घातलेल्या जाळ्यांशेजारी काढले. नत्थूआजोबा येता-जाता माझ्याकडे पाहत आणि पुढे जात.

कोडे मेघाने उलगडले. पुस्तकाच्या पुढच्या आणि मागच्या भागांतल्या अक्षरांचे वळण निराळे आहे, हे तिच्या ध्यानात आले. तुमसरच्या झेरॉक्सवाल्याने दोन आवृत्त्यांचे अर्धे-अर्धे भाग एकाच पुठ्ठ्यात बांधले होते. हे कळल्यावर सगळे पोट धरून हसले आणि पुन्हा एकत्र बसले. पण हसण्याने निर्णय होत नाही. इतकी वर्षे खेळले गेले ते या जोडपुस्तकावरच. त्यातला कोणता अर्धा भाग खोटा म्हणायचा?

तेव्हा त्यांनी तलावाची रीत काढली. भुपेंद्रच्या शेतीकडे तलावाच्या पाण्यावरून दोन बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, मालकांत वाद झाला, तर मागच्या खेपेस ज्याने माघार घेतली त्याचा शब्द या खेपेस चालतो. पटावरही ते हीच रीत पाळत आले होते. या भांडणाच्या आधीच्या वादात माघार उर्वशीने घेतली होती. भुपेंद्रने पुस्तक मिटले.

"मंग तुहं म्हननं चालन. सांग."

उर्वशीने मला तळहातावर घेतले. पाचवी पायरी एका शब्दाच्या अंतरावर होती. तिची नजर मोनूच्या पाठपिशवीकडे गेली. ती भरून भिंतीला टेकवलेली होती. मग तिने एकेकाकडे पाहिले.

"गुरू पाहिजे," ती म्हणाली.

भुपेंद्र गोंधळला. "मी तं इतके दिवस तेच सांगून राहिलो. आता काहून?"

"गुरू सापडेपर्यंत दार उघडत न्हाई. दार उघडलं न्हाई तं गोष्ट सरत न्हाई." तिने मला पटावर दरवाजासमोर उभे केले. "अन् त्याले शोधाले सगळ्याइले यावं लागन."

मोनू उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. मंदाबाईने वड्यांची ताटली पुढे सरकवली आणि त्या दिवशी टोमणा मारला नाही.

नाशिकला जाताना उर्वशी मला भुपेंद्रकडे ठेवून गेली. आता मी दुकानाच्या फळीवर, वजनकाट्याच्या वरच्या बाजूला उभा असतो. बियाणे घ्यायला आलेले लोक विचारतात, हा कोणता देव? भुपेंद्र म्हणतो, आमचा एक माणूस आहे. मेघा बपेऱ्यास नांदते. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिला चौघेही जमू म्हणतात. कधी एकाला रजा मिळत नाही, कधी दुसऱ्याच्या घरी कोणी आजारी असते. एखाद्या रविवारी भुपेंद्रच्या फोनवर तिघांपैकी कोणाचा तरी संदेश येतो. तो वाचतो, "गुरू सापडला का?" आणि उत्तर टाकतो, "न्हाई अजून." मग फडक्याने माझी टोपी पुसतो.

पुण्या-नाशकाच्या बाजूला ही मुले तुम्हांला भेटली, तर माझा एक निरोप द्या. मंत्र मिळाला नाही याचे मला दुःख नाही. नियम कोणता खरा, हेही मला जाणून घ्यायचे नाही. त्यावरून तुम्ही चौघांनी समोरासमोर बसून पुन्हा एकदा कडाडून भांडावे, एवढीच माझी इच्छा आहे.