पुलाच्या पोटातला जोड

मी पुलाच्या पोटातला एक जोड बोलतोय. नट-बोल्टचा नव्हे हं, वेल्डिंगचा! दोन पोलादी तुळयांच्या कडा वितळून एकजीव झाल्या आणि माझा जन्म झाला.

मला घडवणाऱ्या मुलीला सगळे ठिणगी म्हणत. पुलाचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं. "खिडकीचे गज जोडणं वेगळं, बाई. इथे मान वर करून काम करायचं. ठिणग्या गळ्यात पडतील."

"पडू देत. नाव उगाच ठेवलंय का माझं?"

पण घात झाला. वेल्डिंगच्या कांड्यांना दमट हवा लागली होती. वरून मी देखणा दिसत होतो, क्ष-किरणांच्या फोटोत मात्र पोटात हवेचे बुडबुडे! तपासनीसबाईंनी माझ्यावर लाल खडूने फुली मारली. ओझं आलं असतं, तर मी तिथेच तडकलो असतो.

"दुसऱ्या कुणाला देतो," मिस्त्री म्हणाले.

"नाही. मीच खोदणार, मीच भरणार," ठिणगी हटूनच बसली.

ग्राइंडर माझ्यावरून फिरला तेव्हा जीव नकोसा झाला. मग तिने कांड्या भट्टीत कोरड्या केल्या, तुळयांच्या कडा ज्योतीने शेकल्या आणि परांचीवर उताणी पडून थरावर थर चढवला. प्रत्येक थरावरची खपली ठोकून काढली, तो थर तारेच्या ब्रशने घासला, मगच पुढचा. मुखवट्याआड घामाच्या धारा लागल्या होत्या.

नवा फोटो मिस्त्रींनी उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "एक ठिपका नाही! शाबास, पोरी!"

पूल पूर्ण झाल्यावर चाचणीसाठी खडीने भरलेले ट्रक त्यावर ओळीने उभे केले. तुळई किंचित वाकली. मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. ट्रक गेले, तुळई पुन्हा सरळ! खाली एकच जल्लोष झाला.

"डोळे जातील, हे काम सोड" म्हणणारी ठिणगीची आईही आली होती. ती पुलाच्या मधोमध थांबून कठड्यावरून वाकली.

"आई, खाली बघू नकोस, गरगरेल."

"का? तुझं काम खालीच आहे ना!"

आता माझ्यावरून दिवसभर बसगाड्या धडधडतात. माझी भावंडं जहाजांच्या तळांत, कारखान्यांच्या छपरांत, क्रेनच्या हातांत अशीच तग धरून आहेत. आम्ही कुणाला दिसत नाही, त्याचं दुःखही नाही. फक्त वेळच्या वेळी रंगाचा हात फिरवा, गंज चढू देऊ नका. बाकी तुम्ही खुशाल जा-ये करा. मी आहे ना खाली!