दुसऱ्या भागासाठी आलेली माणसं

व्हिडिओ कधीचा तयार होता, आणि मी पिल्लं हरवलेल्या मांजरीसारखी घरभर फिरत होते. बनवणाऱ्यांनी खेळ आधीच हातात दिला होता, पण एका अटीवर: आज संध्याकाळी सहापर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नवे व्हिडिओ गेम खेळून त्यांचं बरंवाईट लोकांना सांगणं हाच माझा धंदा, त्यामुळे या अटीचं मला एरवी काही वाटत नाही. या वेळी मात्र सहा वाजूच नयेत असं वाटत होतं. खेळ माझ्या चुलतभावाचा होता, राकानचा, आणि त्याचा हा दुसरा भाग माझ्या मनातून उतरला होता.

‘गच्चीवरची वाट’चा पहिला भाग त्याने आमच्याच गावावरून केला. अस-सल्तमध्ये डोंगर असा उभा, की खालच्याची गच्ची ते वरच्याचं अंगण. खेळात एक मुलगी पावाच्या टोपलीत चिठ्ठ्या लपवून या गच्च्यांवरून जाते आणि शिपाई गल्ल्यांतून गस्त घालतात. तिच्या हातात शस्त्र नाही. भिंतीला चिकटायचं, दिवा विझवायचा आणि ऐकायचं. एक शिपाई खोकायचा, एकाला गुणगुणायची खोड होती, आणि एक काहीच आवाज करायचा नाही. त्या मेल्यापायी माझे तळहात घामाने भिजायचे. सापडलात तर तो कान धरून खाली चौकात आणून सोडायचा, की पुन्हा सगळा चढ पहिल्यापासून. मी तो खेळ इतका डोक्यावर घेतला की लोक म्हणाले, घरचं कौतुक चाललंय.

दुसरा भाग देखणा आहे, हे मी व्हिडिओत आधीच सांगितलं. पहिल्यात मुलगी कठड्याला अडकून बसायची, आता ती पाण्यासारखी चढते. गावाच्या जागी मोठी शहरं आलीत, ओल्या दगडावर दिव्यांचा उजेड पडतो तो बघत राहावा असा. पण तिच्या हातात आता सुरा दिलाय. आणि एक बटण दाबलं की भिंतींपलीकडचे सगळे शिपाई लाल दिसतात. मग ऐकायचं कशाला? खोकणाऱ्याचा खोकला अजून आहे, पण त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मागून जाऊन त्याला संपवलं आणि पुढे गेले, आणि मला काहीही वाटलं नाही.

पहिल्या वेळी मी राकानला फोन करकरून पिडलं होतं. या वेळी त्याचा एकही फोन उचलला नाही. तो शहाणा आहे, त्याला तेवढ्यावरून कळलं.

दुपार कलल्यावर बाबा दारात येऊन म्हणाले, "हनादी, कपडे बदल. अबू मिशाल येतोय. राकान आणि आणखी काही वडीलधारी माणसं घेऊन."

"जाहा? आपल्याकडे?" आईचे डोळे चमकले. वडीलधाऱ्यांची अशी जाहा घरी येते ती भांडण मिटवायला, नाहीतर मुलगी मागायला. भांडण तर आमचं कुणाशी नव्हतं, आणि आमच्यात चुलत भावंडांची लग्नं होतात.

"आई, शुद्धीवर ये. लहानपणी त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय."

"मग पुढेही पूस," आई म्हणाली आणि वेलची कुटायला गेली.

ते आले, गावात मोठा मान असलेला म्हातारा अबू मिशाल सगळ्यांच्या पुढे. मी दाराआड उभी राहिले. बाबांनी स्वतः कॉफी ओतली. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा कप समोर तसाच ठेवतो. होकार मिळाला तरच पितो, आणि तो न पिता उठला तर यजमानाला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. सगळे कप भरलेले, सगळ्यांचे हात मांडीवर.

"अबू सामिर," अबू मिशाल घसा साफ करून बाबांना म्हणाला, "मागणं आहे. मिळाल्याशिवाय कॉफीला हात लावणार नाही."

बाबांचा चेहरा इतका फुलला की मला त्यांची दया आली. "तुम्ही उंबरठा ओलांडलात तेव्हाच दिलं! प्या, प्या. जे मागायला आलात ते तुमचं झालं."

सगळ्यांनी कप उचलले. राकानने शेवटी उचलला.

"अल्लाह तुझं घर भरलेलं ठेवो," अबू मिशाल मिशा पुसत म्हणाला. "तर मुलीने... काय रे ते, राकान?"

"दुसरा भाग, काका."

"हां, दुसरा भाग. मुलीने राकानच्या दुसऱ्या भागाला नावं ठेवू नयेत. पहिल्यापेक्षा चांगला आहे असं म्हणावं. बास."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "कशाचा दुसरा भाग?"

"ते मलाही नीटसं कळलं नाही," अबू मिशाल मोकळेपणाने म्हणाला. "पोरगा म्हणाला, बऱ्याच घरांची चूल त्यावर आहे. मग येणार नाही का?"

बाबा सुटकेने हसले. "एवढंच? मला वाटलं..."

त्या ‘एवढंच’ने माझं डोकं फिरलं. मी आत गेले.

"बाबा, माझं लग्न ठरवायचं असतं तर होकार देण्याआधी मला विचारलं असतंत ना?"

"म्हणजे काय? तुला विचारल्याशिवाय कसं ठरेल?"

"मग हे न विचारता कसं दिलंत?"

"अगं, खेळाबद्दलची चार वाक्यं..."

"माझ्याकडे तेवढीच आहेत. लोक माझं ऐकतात, कारण मी घरचा-परका बघत नाही. आज राकानसाठी खोटं बोलले तर उद्या माझं कोण ऐकेल?"

"पोरी, कॉफी पोटात गेली," अबू मिशाल लालबुंद झाला. "आता ओकून काढू का?"

कुणी हसलं नाही. बाबांनी हातातली कॉफीची किटली खाली ठेवली. माणसांसमोर चूक कबूल करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अबू मिशाल, मी जे माझं नव्हतं ते देऊन बसलो," ते म्हणाले. "ते तिचं आहे. तिच्याकडे मागा."

म्हातारे कुजबुजायला लागले. राकान उठला. त्याने स्वतःच्या हाताने आपला कप पुन्हा भरला, समोर ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून बसला. इतक्या वर्षांत या खोलीत कुणी बाईसमोर असा कप ठेवला नव्हता.

"पहिलाच चांगला आहे, हनादी," तो म्हणाला. "मला कळत नाही का? त्या लाल शिपायांवरून मी किती भांडलो. पैसे लावणारे म्हणाले, लोक घाबरतात आणि खेळ अर्धा सोडून देतात, त्यांना सगळं दिसू दे. आता सुरुवातीलाच पडला तर ऑफिसला कुलूप लागेल. तिथे काम करणारी माझी पोरं तुला माहीत आहेत. वाईट म्हण हवं तर, पण त्याला पहिल्याच्या शेजारी उभा करू नकोस. एवढंच मागतो."

माहीत होती. त्या शिपायाला खोकल्याचा आवाज दिलेला फारिस आमच्याकडे जेवून गेलेला, तर खेळातल्या गच्च्या रंगवणारी दीमा माझ्या लग्नाची स्वप्नं माझ्या आईपेक्षा जास्त बघणारी. मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण पहिल्याचं नाव न काढता दुसऱ्याबद्दल बोलायचं, तर मी बोलणार काय होते?

"नाही, राकान."

बाबांनी डोळे मिटले. अबू मिशालने गुडघ्यांवर हात टेकले, उठायच्या तयारीने. भरलेला कप आमच्या घरात तसाच राहणार होता, आणि रात्रीपर्यंत ते अख्ख्या सल्तला कळणार होतं.

राकानने कपाकडे पाहिलं, मग बाबांकडे. कप उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला. मग आणखी नको म्हणताना हलवतात तसा हलवून परत दिला.

"अरे, काय केलंस हे?" अबू मिशाल ओरडला. "मागणं कुठे मिळालंय?"

"सोडलं मागणं," राकान म्हणाला. "या घरातून मी कधी उपाशी गेलो नाही, काका. आज कशाला जाऊ?"

बाबा त्याचा हात हातात धरून जिन्यापर्यंत गेले. राकान रागावलेला दिसला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

सहा वाजता मी व्हिडिओ टाकला. एक शब्द बदलला नाही. मग फोन उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

"इतका वाईट आहे का गं त्याचा खेळ?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. "चांगला आहे. पहिला फार चांगला होता."