गोल्डक्रेस्टचा थांबा

"दार बंद!" क्लाइव्ह ओरडला तेव्हा रॉडनी पिकर्सगिलचा एक पाय मोटारीत होता आणि एक चिखलात.

"कसलं दार, अरे? उघडं माळरान आहे," रॉडनी म्हणाला. गळ्यात एक दुर्बीण, पाठीवर दुसरी, तिची तिपाई काखेत. बूट बांधायचे राहिलेले.

"साडेचार म्हणजे साडेचार. पुढची बस पकड."

"पुढची बस पुढच्या महिन्यात!"

"मग चालता चालता बांध ते बूट."

आणि निघाला. मागे वळून पाहणं त्याच्या स्वभावात नाही; पूर्वी त्यासाठी आरसा होता.

क्लाइव्ह ऑग्डेन माझा नवरा. जन्मभर त्याने या खोऱ्यातली बस चालवली. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने बस परत घेतली, पण चालक परत घ्यायचा राहून गेला, तो माझ्या घरी आला. स्वयंपाकघरातून बैठकीत जाताना हा माणूस डावीकडे हात दाखवतो. मग त्याला ही पायपीट सापडली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रॅकनशॉच्या जलाशयाला फेरी, मे महिन्यात भल्या पहाटे. ही फेरीही तो बससारखीच चालवतो. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर एक पक्षी. धरणाच्या भिंतीवर धोबी. ओढ्याच्या तोंडाशी तुतवार. लव्हाळ्यात वटवट्या. तिथे आला की तो म्हणतो, "हा ग्लेनिसच्या माहेरचा," आणि मी हसते. हा विनोद मी किती वर्षं ऐकते आहे ते विचारू नका. माझ्या खात्यावर तेवढं पुण्य जमा आहे.

पण त्या दिवशी वटवट्या जीव तोडून बडबडत होता आणि क्लाइव्ह माहेराबद्दल काही बोलला नाही. फक्त बोट दाखवलं आणि पुढे चालू लागला.

कारण मला माहीत होतं. येताना गाडीत, गिअर बदलता बदलता त्याने सांगून टाकलं होतं.

"ही शेवटची फेरी, ग्लेनिस. न्याहारीच्या वेळी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगणार?"

"गुडघे."

"तुझे गुडघे? परवा तू शेडच्या छपरावर चढला होतास."

"मग दुसऱ्या कुणाचे सांगू?"

दुखणं गुडघ्याचं नव्हतं, कानाचं होतं. एप्रिलमध्ये तो एकटाच जलाशयावर गेला होता. गोल्डक्रेस्टच्या थांब्यावर, यू नावाच्या मोठ्या सदाहरित झाडाखाली, शहरातलं एक जोडपं उभं होतं. बाई म्हणाली, "अय्या, गोल्डक्रेस्ट! किती नाजूक गातोय!" तिच्या नवऱ्यानेही ऐकलं. क्लाइव्ह त्या दोघांच्या मध्ये उभा होता, त्याला मेंढ्या ऐकू आल्या आणि पाणी ऐकू आलं. तोवर तो स्वतःला समजावत होता की पक्षीच गात नसेल. "हो, नेहमीचाच आहे," असं म्हणून तो घरी आला आणि चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात बसला. मी फडकं आणून फरशी पुसली. प्रकरण किती गंभीर होतं ते यावरून समजा.

गोल्डक्रेस्ट म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. डोक्यावर मस्टर्डचं बोट पुसल्यासारखी पिवळी रेघ. तो दिसत नाही, फांद्यांच्या आत कुठेतरी असतो. त्याचा आवाज इतका बारीक की वय झालं की सगळ्यांत आधी तोच जातो. इस्पितळातल्या मुलीने क्लाइव्हला कानात घालायचं यंत्र दिलं. त्यात कागदाची पिशवी ढगासारखी गडगडते, पण हा सूर काही येत नाही. "केस जातात तसे वरचे सूर जातात," ती म्हणाली. केस गेले तेव्हा हा माणूस इतका खचला नव्हता.

"ज्याला ऐकू येत नाही त्याने पक्षी दाखवू नयेत," गाडी उभी करताना तो म्हणाला. "डोळे गेले तर मी बस चालवली असती का?"

मी न्याहारीची पिशवी उचलली आणि गाडीचं दार लावलं.

त्या दिवशी आम्ही आठ-नऊ जण होतो. नेहमीचीच मंडळी, सगळी पेन्शनीत मुरलेली. म्युरिएल हॉइल चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि आल्याचा केक करते. दोन्ही गोष्टी आम्ही श्रद्धेने सहन करतो. रॉडनी विम्याच्या कचेरीत साहेब होता. तो सगळ्या थांब्यांवर क्लाइव्हच्या आधी बोलायचा प्रयत्न करतो आणि कुणाच्याही डब्यातलं खातो. स्वतःचा डबा मी त्याच्या हातात अजून पाहिलेला नाही. नवीन होती ती एकटी टेसा. म्युरिएलची शेजारीण, तिशीची, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. तिला धोबी आणि चिमणी यांतला फरक माहीत नव्हता, आणि ते तिने आल्या आल्या सांगून टाकलं.

"मी नुसती चालायला आलेय हं. म्युरिएल म्हणाल्या, नवरा सोडून गेला म्हणून घरात बसू नकोस."

"कोणत्या गावी गेला?" क्लाइव्हने विचारलं. बसवाल्याचा प्रश्न.

"हडर्सफील्ड."

"तिथून परत यायला रविवारी बस नाही."

"तेच बरं," टेसा म्हणाली, आणि मला ती पोरगी आवडली.

उजाडत आलं. पाण्यावरचं धुकं फाटलं, पलीकडच्या दगडी गडग्यांवर उन्हाची पहिली रेघ उमटली, कोकरांनी आयांना हाका मारायला सुरुवात केली. एक बगळा काठावर असा उभा होता की जणू जलाशयाचा कर भरणारा तो एकटाच. मला पक्ष्यांतलं फार कळत नाही, पण त्या वेळी तिथे असणं मला आवडतं. मात्र क्लाइव्हला हे सांगितलेलं नाही. तो दर रविवारी नेईल.

आणि यूचं झाड आलं.

क्लाइव्हने दोन बोटं वर केली. सगळे थांबले. त्याने क्षणभर झाडाकडे पाहिलं. टाळून पुढे गेला असता तरी चाललं असतं, पण थांबा टाळणं त्याच्या रक्तात नाही.

"ऐका," तो म्हणाला. "गोल्डक्रेस्ट."

सगळ्यांनी डोळे मिटले. मग रॉडनीने मान डोलावली. "वा! आज काय लागलाय!"

"गेल्या वर्षीपेक्षा किंचित खालचा सूर आहे, नाही?" म्युरिएल म्हणाली.

"किंचित," मागून कुणीतरी म्हणालं.

मीही मान डोलावली. मला तो पक्षी जन्मात ऐकू आलेला नाही, पण बायकोने डोलवायची नाही तर कुणी?

"कुठे?" टेसा म्हणाली.

"तिथे, वर," रॉडनी म्हणाला. "सवय लागते, पोरी. कान तयार व्हावा लागतो."

"अहो, माझे कान तयारच आहेत. दवाखान्यात शेजारच्या खोलीत दात कोरायचं यंत्र सुरू झालं की कुठल्या दातावर चाललंय ते मी सांगते. इथे काहीच वाजत नाहीये."

"आत्ताच थांबला," रॉडनी घाईने म्हणाला.

"थांबला नाही. सुरूच नव्हता."

मी क्लाइव्हकडे पाहिलं. त्याची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. एक शब्द पुरला असता. 'उडाला' म्हणाला असता तर कुणी विचारलंही नसतं. मी मनातल्या मनात त्याला तो शब्द पुरवत होते. आजवरच्या संसारात नवऱ्याला किती शब्द पुरवले, हा एक घेतला असता तर काय बिघडलं असतं?

त्याने टोपी काढली.

"पोरगी बरोबर सांगतेय. मला काही ऐकू आलं नाही. दोन वर्षं झाली, येतच नाही. झाड आलं की नाव पुकारायचं, एवढंच. थांबा आला की मी पुकारतो, कुणी चढो न चढो."

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. बगळासुद्धा दोन पावलं बाजूला सरकला. टेसाचा हात तोंडावर गेला. आपण काय फोडलं ते तिला आत्ता कळलं होतं.

मग क्लाइव्हच्या कपाळावर एक आठी पडली. हिशेबात पैसे जास्त निघाले की पडायची तशी. तो सावकाश वळला.

"पण रॉडनी... मग तू काय ऐकलंस?"

रॉडनीने दुर्बिणीची काच पुसायला घेतली.

"रॉडनी."

"मी... तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, गात असेल."

"आणि म्युरिएल?"

"मी रॉडनीच्या मानेकडे बघते," म्युरिएल म्हणाली. "मला वाटायचं तुम्हा सगळ्यांना ऐकू येतंय. किती वर्षं झाली, मला लाज वाटायची बोलायची."

"मग गेल्या वर्षीपेक्षा खालचा सूर कुणाचा होता, बाई?"

"काहीतरी म्हणावं लागतं ना, क्लाइव्ह! मी ऑर्गन वाजवते!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एकेक करून सगळे कबूल झाले. कुणालाच, अगदी कुणालाच ऐकू येत नव्हतं. दर वसंतात ही सगळी शहाणी माणसं एका मुक्या झाडाखाली उभी राहून एकमेकांच्या माना बघत होती. म्युरिएल गडग्यावर बसली आणि पोट धरून हसू लागली, तिच्या डब्यातला केक घरंगळत पाण्यात गेला आणि एका बदकाने तो हुंगून सोडून दिला. त्यावर तर रॉडनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. क्लाइव्हला हसताना खोकला लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जोरातच. एप्रिलपासून मी धरून ठेवलेल्या होत्या त्या.

हसू ओसरलं तसा तो गंभीर झाला. टोपी हातातच होती.

"बरं झालं, सगळे इथेच आहेत. मी एक ठरवलंय. आजच्यानंतर ही फेरी..."

"श्श!" टेसा म्हणाली.

असं त्याला आजवर फक्त मी म्हटलंय.

"आता वाजतंय काहीतरी. इथे नाही. तिकडे." तिने पंपघराच्या मागे हात दाखवला. तिथे ख्रिसमसच्या झाडांची दाट रांग होती, वाटेपासून बरीच आत.

"तिकडे थांबा नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"मग कर," मी म्हणाले आणि त्याला कोपराने ढोसलं.

ओल्या गवतातून, पडक्या फाटकावरून, एकमेकांना हात देत आम्ही सगळे तिथे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा क्लाइव्ह रस्ता सोडून चालत होता, आणि तोही दुसऱ्याच्या मागे. टेसा झाडांखाली थांबली आणि मान वर केली. आम्हाला पाणी ऐकू येत होतं. कोकरं ऐकू येत होती.

"कसा आहे?" क्लाइव्हने हळूच विचारलं.

"बारीक. फार बारीक. बाहुलीच्या गाडीचं चाक फिरतंय आणि त्याला तेल नाही, असं."

"एकसारखा? की वरखाली?"

"वरखाली. परत परत तेच. आणि शेवटी... शेवटी काहीतरी होतं."

"गिरकी घेतो?" क्लाइव्ह पुढे सरकला. "शेवटी एकदम फुटतो का, कारंज्यासारखा? आणि मग गप्प?"

"हो! अगदी तसंच!"

"तोच," तो म्हणाला. "नर आहे. जागा सांगतोय आपली. सकाळच्या उन्हात इकडे आलाय, तिकडे यूवर सावली पडते. अरे, मला कळायला हवं होतं." बोलता बोलता त्याचा चेहरा पुरता बदलला होता. "तू नाव नको विचारूस, पोरी. तू फक्त ऐक आणि सांग. नावं मी देतो."

"पण शेवटची ती गिरकी मला सांगता येत नाहीये."

"वाजवून दाखव."

"शी! सगळ्यांसमोर?"

"आम्ही सगळे बहिरे आहोत," म्युरिएल म्हणाली. "लाजतेस कशाला?"

टेसाने ओठ ओले केले. पहिली शीळ नुसतीच हवा निघाली. दुसरी लागली. एवढं बारीक माणसाला कसं जमणार? ती पक्ष्याच्या कितीतरी खालच्या सुरात गात होती, पण चाल तीच. वर, खाली, वर, खाली, आणि शेवटी ती इवलीशी गिरकी.

तेवढ्यात रॉडनीने श्वास ओढला आणि दुर्बीण न उचलता बोट वर केलं. सगळ्यांत खालच्या फांदीच्या टोकावर, क्लाइव्हच्या उघड्या डोक्यापासून हातभर अंतरावर, तो बसला होता. मस्टर्डची रेघ उन्हात पेटलेली. चोच उघडत होती, अंग थरथरत होतं, आणि आमच्यापर्यंत त्यातलं काही पोहोचत नव्हतं. टेसा त्याच्याकडे बघत, त्याच्या चोचीबरोबर, त्याचंच गाणं आमच्या सुरात खाली आणून देत होती.

क्लाइव्हने तिच्याकडे कान केला आणि पक्ष्याकडे डोळे.

गाणं संपलं.

"असं गातो होय," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो." मग झाडाच्या खोडाला हात टेकवून, घसा खाकरून, फलाटावर पुकारायच्या आवाजात नव्हे, अगदी घरातल्या आवाजात तो तिला म्हणाला, "जून महिन्यात इथे जरा लवकर यावं लागेल. चार वाजता. जमेल का तुला?"

टेसाने मानेनेच हो म्हटलं, कारण तिने पुढच्या शिळेसाठी ओठ पुन्हा आवळले होते.