तीन काड्यांची गाठ

थावी पाच वर्षांचा असताना तळ्यात बुडत होता, तेव्हा मीच त्याला केसांना धरून बाहेर ओढलं होतं. "त्या दिवशी हात आखडता घेतला असता तर बरं झालं असतं!" असं मी त्या शुक्रवारी धक्क्यावर सगळ्यांच्या देखत ओरडले. सख्ख्या भावाचा मुलगा. वाईट बोलले, पण अजूनही ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत.

सकाळीच मी सगळं पाहिलं होतं. पूर्वेकडच्या लव्हाळ्यात त्याने इंजिनाची होडी घातली, एकदा नाही, तीनदा. होडीत बँकॉकचे चार फोटोवाले, गळ्यात दुधाच्या किटलीएवढ्या दुर्बिणी लावलेले कॅमेरे. "उडव, अजून एकदा उडव," असं चाललं होतं त्यांचं. बसलेल्या बदकाचा फोटो म्हणे कोणी बघत नाही. तिसऱ्या खेपेला माझी पिवळी दहा हात वर उठली आणि परत पाण्यात आदळली. ते हसले. थावीही हसला.

पिवळी म्हणजे एक बदकीण. रंगाने तपकिरी, चारचौघींसारखी, पण पायात पिवळं कडं. उत्तरेकडे कुठल्याशा थंड मुलखात कोणीतरी ते घातलं असणार. पाच हिवाळे ती आमच्या तळ्यावर येतेय. पहिल्या वर्षी थव्यात तीसेक जणी होत्या, यंदा सात. माझा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन सोंगखलाला गेली, दिवसभर लव्हाळा उपटायचा, चिखलात बुडवून वाळवायचा, कुटायचा आणि चटया विणायच्या, एवढंच माझं आयुष्य. नोव्हेंबरात पिवळी दिसली की मला घरचं माणूस परतल्यासारखं वाटतं. याला कोणी वेडेपणा म्हटलं तरी चालेल.

लव्हाळा उपटणाऱ्या बायकांची एक रीत आहे. दुरून आलेले पाहुणे पक्षी जिथे उतरतात, तिथे ज्या बाईला ते आधी दिसतील तिने कडेच्या तीन काड्यांचे शेंडे एकत्र पिळून गाठ मारायची. शेंडे वाळून तांबूस होतात, लांबून दिसतात. गाठ दिसली की बाकीच्यांनी होडी वळवायची. आत डोकावायचंसुद्धा नाही. मार्चमध्ये पाहुणे गेले की जिने बांधली तिनेच गाठ सोडायची, मग तो लव्हाळा सगळ्यांना मोकळा. पाणी दरवर्षी वेगळं भरतं, पक्षी दरवर्षी वेगळ्या जागी बसतात, त्यामुळे गाठीवाचून कोणालाच काही कळत नाही.

आणि ही रीत बाहेरच्यांना कोणी सांगितली? मीच! दोन वर्षांपूर्वी थावीच्या होडीतल्या एका गोड बोलणाऱ्या बाईने विचारलं, "मावशी, हे काय हो?" मी फुशारून अथपासून इतिपर्यंत सांगितलं. थावी शेजारी उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून त्याला पक्षी शोधावे लागत नाहीत. गाठ शोधायची आणि इंजिन चालू करायचं. 'हमखास दर्शन' असा फलक लावलाय त्याने धक्क्यावर. फलकावर माझ्या गाठीचं चित्र आहे!

तर शुक्रवारी मी त्या फलकावर चप्पल फेकली.

"आत्या, लोक बघतायत," थावी दात आवळून म्हणाला.

"बघू देत की! लोकांना दाखवायचाच धंदा आहे ना तुझा? मग मलाही दाखव. 'हमखास दर्शन, वेडी म्हातारी'!"

"दहा मिनिटं उडले म्हणून मरतायत का पक्षी?"

"हजारो कोस उडून आलेत ते! तू बाजारातून चालत आलास तरी आडवा होतोस."

मला वाटलं, बायका माझ्या बाजूने उभ्या राहतील. प्रानोम माझ्या शेजारच्या घरात राहते, वयाने मोठी, सगळ्या बायका तिचं ऐकतात. तीच म्हणाली, "अगं क्लिन, पुरे आता. त्याच्या होड्या येतात म्हणून आपल्या चटया खपतात ना? जरा सबुरीने घे."

"तुमच्या चटया तुम्हालाच लखलाभ! आजपासून माझ्याशी कोणी बोलू नका," असं म्हणून मी निघाले. डोक्यात नुसता जाळ झाला होता.

संध्याकाळी मी एकटीच होडी घेऊन पूर्वेला गेले. सातही जणी होत्या. पिवळी एक पंख जरा खाली सोडून बसली होती. मी माझीच गाठ सोडली. विचार साधा होता: पूर्वेकडचा लव्हाळा मैलभर सारखाच दिसतो, गाठ नाही तर थावीला सकाळचीही जागा परत सापडणार नाही. फोटोवाले शनिवार-रविवारचे, आणि ते दोन दिवस बायका धक्क्यावर विकायला बसतात, तळ्यात कोणी उतरत नाही. सोमवारी पहाटे परत बांधू. कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण मी कोणाशी बोलतच नव्हते.

शनिवारी थावी फोटोवाल्यांना घेऊन तीन तास तळ्यात भटकला आणि हात हलवत परत आला. मी खिडकीतून बघत होते. त्याचं उतरलेलं तोंड पाहून मला इतका आनंद झाला की दुपारी दोन वाट्या भात जास्त जेवले, तिखट आंबट माशाच्या रश्शाबरोबर.

रविवारी धक्का रिकामा दिसला. मला वाटलं, फोटोवाले आले नसतील, म्हणून बायकाही आल्या नसतील.

दुपारी प्रानोम दारात आली. कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर लव्हाळ्याचा ओला भारा. तिने तो माझ्या ओट्यावर टाकला.

"घे. तुझा वाटा. तू नाही बोललीस तरी मी बोलणार," ती हसत म्हणाली. "काल थावीला पक्षी मिळेनात, फोटोवाले चिडले, म्हणून त्याने सगळ्यांना आपल्या दुकानांवर आणलं. पिशवी म्हणू नकोस, चटई म्हणू नकोस, सगळं उचललं त्यांनी! आज विकायलाच काही उरलं नव्हतं. म्हणून आम्ही बाराजणी पहाटेच उतरलो."

भाऱ्यातल्या तीन काड्यांचे शेंडे तांबूस होते, पिळल्यासारखे वाकडे.

"कुठून आणलंस हे?"

"पूर्वेकडून. तुझी गाठ सुटलेली दिसली ना! मी म्हटलं, यंदा पाहुणे लवकर गेले वाटतं. उंच लव्हाळा आहे गं, एक काडी ठेवली नाही आम्ही."

"आत कोणी नव्हतं?"

"पाच-सहा बदकं उठली. भटकी असतील. एकीला धड उडता येईना. पायात पिवळं काहीतरी अडकलं होतं. गेली फडफडत उघड्या पाण्यात, मासेवाल्यांच्या जाळ्यांकडे." ती माझ्याकडे बघत थांबली. "काय झालं?"

ओरडायला मी तोंड उघडलं. तीन दिवस मी अख्ख्या गावावर चिडून होते आणि आता समोर ओरडण्यासारखं कोणी नव्हतं. प्रानोमने रीतच पाळली होती. गाठ पाहिली असती तर तिने उपाशी राहूनही होडी वळवली असती, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

"ते गेले नव्हते," मी म्हणाले. "गाठ मी मुद्दाम सोडली. थावीला कळू नये म्हणून."

प्रानोमच्या कपड्यांमधून पाणी ओट्यावर गळत होतं. मग तिने खाली वाकून तो भारा परत डोक्यावर घेतला.

"थावीने गाठ वाचायला शिकून घेतलं, एवढंच त्याने केलं," ती म्हणाली. "गाठीतून खोटं तू बोललीस. आता उद्या गाठ दिसली तर आम्ही काय समजायचं, सांग."