मागची सीट

“बसा की आता. नवरदेवाला घोड्यावर चढवायला एवढा टाइम लागत नाय,” सत्यशीला म्हणाली.

स्कूटी चालूच होती. हेल्मेटमध्ये तिचे गाल दाबले गेले होते, पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. दारात उभा राहून अंगद मागच्या सीटकडं असा बघत होता, जसं काही तिथं कुणी काटेच पसरून ठेवलेत.

“मी जाईन नंतर. रिक्षानं.”

“उन्हाळा सरला, तुमचं नंतरच चाललंय.”

अंगदचा सगळा जन्म स्टिअरिंगमागं गेला होता. आधी चिकलठाण्याच्या कारखान्यात कामगारांची बस, मग रात्रीची ट्रॅव्हल्स, थेट नागपूरपर्यंत. गारखेड्यातलं दोन खोल्यांचं घर त्याच कमाईवर उभं राहिलं. आणि मग काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं पार गायब. डॉक्टरांनी बजावलं, गाडी चालवायची नाही. या गृहस्थानं त्याचा अर्थ घराबाहेरच पडायचं नाही, असा लावला. शहागंजात काकासाहेबाच्या हॉटेलात दर रविवारी जुने ड्रायव्हर जमायचे. तिथं जाणं बंद झालं, जेवण अर्ध्यावर आलं, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहणं तेवढं वाढलं.

सत्यशीलाला भीती वाटायची. रात्री उठून ती त्याचा श्वास चालू आहे ना बघायची. माणूस दुखण्यानं जात नाही, असा पडून पडूनच जातो, हे तिनं सासऱ्यांच्या बाबतीत बघितलं होतं. म्हणून तर वयाची पंचावन्न उलटल्यावर तिनं लेकीला, दीपमालाला, म्हटलं होतं, “मला तुझी गाडी शिकव.” सत्यशीला एका वसतिगृहात पोळ्या लाटायची; ते काम झालं की दोघी मैदानावर जायच्या. दोनदा पडली, गुडघा सोलला, घरी सांगितलं की बाथरूममध्ये घसरले. लायसन हातात पडलं त्या दिवशी मात्र तिनं लेकीला मिठी मारली आणि चारचौघांत रडली.

आणि आता तो बसायला तयार नाही. आज हा मागं फिरला तर पुन्हा काही उठत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“नका येऊ,” ती म्हणाली. “मी एकटीच जाते काकासाहेबाकडं. सांगते, आमचे मालक बायकोच्या मागं बसायला भेतात.”

“कोण भेतंय?” अंगद म्हणाला आणि बसला. राग असा की सीट दणकली.

निघाली स्वारी. सूतगिरणी चौक येईपर्यंत मागून एकसारखी हुकूमत चालली होती.

“गिअर टाक.”

“हिला गिअर नसतोय.”

“मग हिला गाडी कामून म्हणायचं?”

गतिरोधक दिसला की मागं त्याचा पाय फूटरेस्टवर करकचून दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता, पण ते पायाला कोण सांगणार? सत्यशीलाला हसू येत होतं. किती दिवसांनी हा माणूस एवढा बोलत होता! त्यानं अशाच शिव्या घालाव्यात आणि रस्ता संपूच नये, असं तिला वाटून गेलं. क्रांती चौक तिनं झोकात पार केला.

पैठण गेटपाशी घात झाला. डावीकडच्या बोळातून मेथीनं भरलेली हातगाडी एकदम आडवी आली. सत्यशीलाचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. कळप उधळला की थांबवायचा एकच उपाय तिच्या अंगात मुरलेला. ब्रेक राहिला बाजूला, तिनं तोंडानं जोरात “ट्रर्र, ट्रर्र, हो” केलं.

आणि अगदी त्याच क्षणाला मागूनही तोच आवाज निघाला. अंगदही मेंढपाळाचाच पोरगा होता ना!

स्कूटी काही मेंढी नव्हे. ती सरळ जाऊन मेथीत घुसली आणि तिथंच थांबली. दोन जुड्या सत्यशीलाच्या मांडीवर आल्या. कुणाला लागलं नाही, पण सगळा रस्ता बघायला थांबला.

हातगाडीवाला आधी चिडला, मग त्याला हसू आवरेना. “क्या खाला, रस्ते पे बकरियां हांकते क्या?”

“बकऱ्या नाय रे बाबा, मेंढरं,” अंगद म्हणाला.

लोक हसले. सत्यशीलाला मात्र हसता येईना. हँडल धरवत नव्हतं. ती खाली उतरली, स्कूटी कडेला लावली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

“मला नाय जमत,” ती म्हणाली. “घरी चला. दीपमाला येईल, घेऊन जाईल गाडी. माझीच चूक झाली, उगं तुमच्या मागं लागले.”

खाली पडलेल्या जुड्या अंगदनं चाचपत गोळा केल्या. बाजूला गेलेली एक जुडी त्याला दिसलीच नाही, ती हातगाडीवाल्यानं उचलली. सगळ्या जुड्या हातगाडीवर नीट रचून झाल्यावर तो तिच्याशेजारी येऊन बसला.

“पहिल्या वर्साला मी कंपनीची बस म्हशीच्या गोठ्यात घातली होती.”

“कधी?”

“आपलं लग्न झालं त्याच साली.”

“मला कधी सांगितलं नाय.”

“बायकोला सांगायची गोष्ट हाय का ती? म्हशीनं खिडकीतून आत तोंड घातलं. सुपरवायझर तिला नमस्कार करू राहिला होता.”

सत्यशीलाला इतकं हसू आलं की हेल्मेट काढून डोळे पुसावे लागले. अंगदही हसत होता, पोट धरून, पूर्वीसारखा. मग तो उठला, चालत स्कूटीपाशी गेला आणि कुणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसला.

“चल. मी मागं हाय.”

पुढं गुलमंडीच्या गर्दीतून तिनं गाडी हळूहळू काढली. मागून आता हुकूम येत नव्हते. तो विचारत होता, “डावीकडं काय हाय?” आणि ती सांगत होती, बांगड्यांचं दुकान, उसाचा रस, कुणाची तरी वरात निघायची तयारी. फूटरेस्टवरचा पाय सैल पडला होता.

शहागंजात शिरल्यावर हॉटेल जवळ आलं, तशी तिनं एका कोपऱ्यावर गाडी थांबवली. नवऱ्याचा मान तिला ठाऊक होता.

“उतरा इथंच. चालत जावा. तिथं कुणाला कळायचं नाय कशावर आलात ते.”

“कामून?” अंगद म्हणाला. “दारापर्यंत आणल्याशिवाय ड्रायव्हरची ड्यूटी संपती व्हय? घे पुढं.”

तिनं पुढं घेतली. बाकड्यावरचे म्हातारे ड्रायव्हर हातातले कप तसेच धरून बघत राहिले. काकासाहेब गल्ल्यावरून उठून बाहेर आला, त्यानं अंगदला मिठीच मारली आणि आतल्या पोऱ्याला ओरडून चहा सांगितला. सत्यशीला बाजूला, गाडीपाशीच उभी राहिली. या हॉटेलात बायका बसत नसत. तिनं काढलेलं हेल्मेट परत फिरायच्या हिशेबानं पुन्हा डोक्यात घातलं.

“अगं, कुठं चालली?” अंगदनं बाकड्यावर सरकून जागा केली. “ये, बस.”

ती हेल्मेट काढून संकोचत येऊन कडेला टेकली. चहा आला. पोऱ्यानं सवयीप्रमाणं पहिला कप अंगदपुढं केला. रस्त्यावरच्या हॉटेलांची ही रीतच आहे, गाडी थांबली की पहिला चहा ड्रायव्हरचा, पॅसेंजरचं मागून बघायचं. नागपूरच्या वाटेवर अख्खी हयात तो पहिला कप अंगदनं घेतला होता.

त्यानं कप हातात घेतला, क्षणभर धरून ठेवला.

“मला मागून,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तो कप सत्यशीलापुढं धरला.