चार वाजताची टकटक

घाबरू नका, मी फळा बोलतोय. विद्यापीठाच्या गणित विभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत असतो मी. अस्सल दगडी पाटीचा आहे, हल्लीच्या त्या पांढऱ्या गुळगुळीत पोरांसारखा नाही. मला वर चढवताना चार हमालांना घाम फुटला आणि एकाचा अंगठा चेचला. त्याने हासडलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत.

माझे खरे धनी म्हणजे मोठे सर. त्यांची एक खोड होती. विद्यार्थ्याची चूक दिसली की तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. नुसता त्या ओळीवर खडू आपटत राहायचे, टक, टक, टक, चूक करणाऱ्याला स्वतःला दिसेपर्यंत. भल्याभल्यांची भंबेरी उडायची.

पुढे सरांचा हात थरथरायला लागला. मग ते खुर्चीतून सांगायचे आणि त्यांची लाडकी विद्यार्थिनी, म्हणजे आता इथे शिकवणाऱ्या बाई, माझ्यावर लिहायच्या. एका दुपारी चार वाजता सर उठले, तिसऱ्या ओळीवर दोनदा खडू आपटला आणि तिथेच कोसळले. ते काही परत उठले नाहीत.

बाईंनी माझ्या कोपऱ्यात लिहिलं, ‘पुसू नये’. गणितवाल्यांत हे दोन शब्द म्हणजे कुलूपच हो! अकरा वर्षं झाडलोट करणारीनेसुद्धा मला फडकं लावलं नाही.

आणि अकरा वर्षं रोज चार वाजता माझ्यावर टकटक होत राहिली. खडू जागचा हललेला नसायचा, समोर कुणी नसायचं, पण तिसऱ्या ओळीवर पांढरे ठिपके उमटायचे. पहिल्या दिवशी माझी तर बोबडीच वळली. बाई मात्र चारला पाच कमी असताना येऊन बसायच्या. टकटक थांबली की रुमालाने ठिपके टिपायच्या आणि “येते सर, उद्या भेटू” म्हणून जायच्या.

त्यांना चूक दिसली नव्हती? छे! पहिल्याच आठवड्यात दिसली होती. पण ती सुधारली की सर यायचे थांबतील, या भीतीने त्या हात लावत नव्हत्या.

गेल्या महिन्यात नववीच्या मुलांची सहल आली, विद्यापीठातलं गणित बघायला. “कशाला हात लावू नका रे!” म्हणून त्यांचे मास्तर घसा फोडत होते. सगळी पुढे गेली. मैत्रिणी जिला गोगलगाय म्हणत होत्या ती एक मुलगी माझ्यासमोर रेंगाळली.

“बाई, इथे चुकलंय,” ती खुर्चीत बसलेल्या आमच्या बाईंना म्हणाली.

“कुठे?” बाईंचा आवाजच बदलला.

“कंसाबाहेर उणे आहे ना? मग आतल्या अधिकचं उणे व्हायला हवं. मी नेहमी हीच चूक करते, म्हणून लगेच दिसली.” आणि बोलता बोलता तिने अधिकची उभी रेघ अंगठ्याने पुसूनही टाकली.

“अगं, काय केलंस हे!” बाई ओरडल्या.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. “पण… आता बरोबर आहे ना, बाई?”

बाईंना खोटं बोलता आलं नाही. “हो गं,” त्या म्हणाल्या, “बरोबर आहे.”

त्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले. टकटक झाली नाही. “सर, अहो सर,” बाई हाका मारत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

आठ दिवसांनी त्यांनी ओल्या फडक्याने मला स्वतःच्या हाताने पुसलं. नवं गणित लिहिलं आणि तिसऱ्या ओळीत मुद्दाम चुकीचं चिन्ह घातलं. मग रोज चार वाजता येऊन त्या वाट बघू लागल्या.

काल टकटक झाली.

“आलात, सर?” बाई हसत होत्या, रडत होत्या. चुकीवर ठिपका उमटलेला नाही, हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बाईंना माझं ऐकू येत नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर त्यांना हात धरून बाहेर न्या हो. सांगा त्यांना, हे सर नव्हेत. ही टकटक माझ्यावर नाही, माझ्या पाठीमागून, भिंतीतून येते आहे. आणि आज बाईंनी बोटाने टकटक करून तिला उत्तर दिलंय.